तिसऱ्या सभेचा हिशेब

आकाशवाणीच्या परिभाषेत दिवसभराच्या प्रक्षेपणाचे तीन भाग असतात आणि त्यांना सभा म्हणतात. सकाळची पहिली, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. हा शब्द ज्याने कुणी रूढ केला त्याने नकळत एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. सभा कुणीतरी बोलावलेली असते, तिला ठरलेली वेळ असते, आणि तिथे केवळ आपल्याच आवडीचे वक्ते येतील अशी हमी नसते. बाजारभाव, हवामान, प्रादेशिक बातम्या, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, एखादे भाषण, लोकगीते, भावगीते, ठरल्या वारी श्रुतिका आणि रात्र चढत जाईल तसे शास्त्रीय गायन-वादन असा या तिसऱ्या सभेचा साधारण क्रम असे. कांद्याचा भाव ऐकण्यासाठी बसलेल्या माणसाच्या कानावर तासाभराने यमन पडे आणि यमनासाठी बसलेल्या प्राध्यापकाला आधी कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती ऐकून घ्यावी लागे.

ही सभा आता अनेक ठिकाणी नावापुरती उरली आहे. त्याबद्दल मराठीत दोन प्रकारचे लेखन होते. पहिला प्रकार स्मरणरंजनाचा. आजोबांचा मर्फी किंवा फिलिप्सचा संच, त्यावरचे विणलेले आवरण, परवान्याचे पुस्तक, ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, आणि शेवटी ‘गेले ते दिन’ असा उसासा. दुसरा प्रकार व्यवहारज्ञानाचा. त्याचे म्हणणे असे की आता सर्व काही मोबाइलवर उपलब्ध आहे, ज्याला जे हवे ते त्याने हवे तेव्हा ऐकावे. संध्याकाळी आठ वाजता सर्वांनी एकच गोष्ट ऐकावी ही अपेक्षाच कालबाह्य आहे. वरवर पाहता हे दोन्ही प्रकार परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांना पूरक आहेत. पहिला ज्याचे श्राद्ध घालतो त्याच्या मृत्यूचा दाखला दुसरा देतो. रेडिओवरची मिश्र संध्याकाळ ही भूतकाळातली वस्तू आहे, हे दोघांनाही मान्य असते.

ते मान्य करण्यास या लेखाचा विरोध आहे. संगीत, नाट्य आणि विचार यांची मिश्र संध्याकाळ हा सार्वजनिक नभोवाणीने घडवलेला एक स्वतंत्र सांस्कृतिक प्रकार होता. तो तंत्रज्ञानाने मेला हे खरे नाही. तो घडवण्याची यंत्रणा जाणीवपूर्वक आखडत नेण्यात आली. आणि ज्या जिल्ह्यांना ही यंत्रणा कधी पुरतेपणी मिळालीच नाही, त्यांच्या बाजूने पाहिले म्हणजे हा प्रश्न गतकातरतेचा न राहता हक्काचा होतो. असा एक जिल्हा म्हणजे बुलढाणा.

प्रथम या प्रकाराच्या मुळाकडे जाऊ. भारतातील नभोवाणीची घडण बीबीसीच्या धर्तीवर झाली. १९३५ साली लायनेल फील्डन बीबीसीतून इकडे आले आणि १९३६च्या जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या काळात तिथे एक तत्त्व पाळले जाई : एकाच वाहिनीवर हलके आणि जड, करमणूक आणि चिंतन एकामागून एक यावे, म्हणजे श्रोत्याला न मागितलेली गोष्ट अवचित भेटेल. पुढे १९४५-४६ मध्ये तिथे ‘लाइट प्रोग्रॅम’ आणि ‘थर्ड प्रोग्रॅम’ वेगळे झाले. करमणुकीचे श्रोते एका खोलीत आणि अभिजनांचे श्रोते दुसऱ्या खोलीत बसले. तिथल्या समीक्षकांनी या विभागणीवर त्याच वेळी टीका केली होती. प्रत्येकाला त्याच्या अभिरुचीप्रमाणे वाहिनी देणे हे वरकरणी लोकशाहीचे लक्षण वाटते. परंतु त्यात जो जिथे आहे तिथेच त्याला कायमचा बसवून ठेवण्याची व्यवस्था असते. आजचे अ‍ॅप हेच करते, फक्त अधिक कार्यक्षमतेने. तुम्ही काल जे ऐकले त्यावरून ते आज तुम्हाला काय ऐकवायचे हे ठरवते. ज्याने काल लावणी ऐकली त्याला आज ख्याल ऐकू येण्याची शक्यता ते स्वतःहून कमी करते आणि या संकोचाला ‘निवड’ असे नाव देते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो गंभीर आहे. श्रोत्याने काय ऐकावे हे सरकारी अधिकाऱ्याने ठरवायचे ही सांस्कृतिक हुकूमशाही नव्हे काय? या आक्षेपामागे इतिहासही आहे. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. एका मराठी माणसाने हिंदी चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार करून दाखवले. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या आधीपासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातलेली होती आणि ती १९७०च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. ज्या पेटीवर महाराष्ट्रातले कीर्तन, भजन, नाट्यसंगीत आणि शाळेतली प्रार्थना उभी होती ती पेटी ‘अभारतीय’ म्हणून स्टुडिओबाहेर ठेवण्यात आली. शुद्धतेचे खूळ किती दूर जाऊ शकते याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

परंतु या इतिहासातून नेमके काय सिद्ध होते? केसकरांचा दोष मिश्रणाचा नव्हता, वगळण्याचा होता. त्यांनी संध्याकाळ विविध केली नाही, ती अरुंद केली. उलट विविध भारतीचे आरंभीचे ब्रीद ‘पंचरंगी कार्यक्रम’ असे होते. पंडित नरेंद्र शर्मांसारख्या कवीच्या हाताखाली तिथे चित्रपटगीताच्या शेजारी ‘हवामहल’मधली नाटुकली आणि शास्त्रीय रागांची ओळख सुखाने नांदली. केसकरांना उत्तर म्हणून जे उभे राहिले तेही मिश्र संध्याकाळच होते, आणि लोकांनी ते उचलून धरले. तेव्हा केसकरांचे उदाहरण देऊन मिश्र प्रक्षेपणाच्या कल्पनेलाच हुकूमशाही ठरवणे म्हणजे वाईट स्वयंपाक्यामुळे पंगतच रद्द करण्यासारखे आहे.

आता ‘सर्व काही उपलब्ध आहे’ या युक्तिवादाकडे वळू. प्रसार भारतीच्या अ‍ॅपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या ऐकता येतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचा नवा मंच आला आणि त्यावर जुना ठेवाही ठेवला जातो. ही चांगली गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. मात्र कोठार आणि पेरा यांतला फरक वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कोठारात जे साठते ते कधीतरी कुणीतरी पेरलेले असते. गीतरामायण आज एका स्पर्शाने ऐकता येते. परंतु ते निर्माण झाले ते पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्यासारख्या अधिकाऱ्याने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांना एक काम सोपवले म्हणून. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला एक नवे गीत, एकूण छप्पन्न. कवीला मुदत होती, संगीतकाराला वादक होते, गायकांना मानधन होते, श्रोत्यांना ठरलेली वेळ होती. या चार गोष्टींपैकी एकही गोष्ट अ‍ॅप पुरवत नाही. आज एखाद्या केंद्राने एखाद्या कवीला आणि संगीतकाराला वर्षभराचे असे काम द्यायचे ठरवले तर त्याच्याकडे निधी, माणसे आणि मुख्य म्हणजे अधिकार आहे काय, हा प्रश्न विचारायला हवा. उपलब्धतेची चर्चा हा प्रश्न टाळण्यासाठी केली जाते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांना तर हा मुद्दा विशेष जवळचा वाटायला हवा. बा. सी. मर्ढेकर १९३८ पासून आकाशवाणीच्या सेवेत होते आणि त्यांच्या संगीतिका या नभोवाणीच्या माध्यमातूनच जन्मल्या. व्यंकटेश माडगूळकरांनी आयुष्यातली अनेक वर्षे पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात घालवली. आनंद यादवांनीही काही काळ त्याच केंद्रावर काम केले. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, यशवंत देव ही सगळी माणसे आकाशवाणीच्या वास्तूत वावरलेली आहेत. मराठी नवकविता, ग्रामीण साहित्य आणि भावगीत या तिन्ही प्रवाहांना या यंत्रणेने काही प्रमाणात रोजगार दिला, काही प्रमाणात शिस्त दिली आणि कानाचे भान दिले. ज्याला गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत रोज संवाद लिहून द्यावे लागत होते, त्या लेखकाच्या कथेतला संवाद इतका नेमका का होतो, याचा शोध आपल्या प्रबंधांनी घेतलेला दिसत नाही. कादंबरी, कविता, नाटक हे वाङ्मयप्रकार शिकवले जातात. श्रुतिका हा वाङ्मयप्रकार क्वचितच शिकवला जातो. ज्या नाटकाला नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही, केवळ आवाज, शांतता आणि एखाद्या दाराची करकर आहे, त्याचे नाट्यशास्त्र स्वतंत्र असते, हे सांगणारे पाठ्यपुस्तक हाती लागणे कठीण. हजारो संहिता लिहिल्या गेल्या, एकदा वाचल्या गेल्या आणि फायलींत गेल्या. रेडिओ मेला असे म्हणणाऱ्या मराठी विभागांनी तो जिवंत असतानाही त्याच्याकडे पाहिले नव्हते.

इथवरचे सगळे उल्लेख पुण्या-मुंबईचे आहेत याची नोंद वाचकाने घेतली असेल. तोच या लेखाचा पुढचा मुद्दा आहे. मिश्र संध्याकाळीचे गोडवे गाताना ती संध्याकाळ कुणाची होती हा प्रश्न स्मरणरंजनकार विचारत नाहीत. बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. तालुके तेरा. अजिंठ्याच्या रांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडतात, आणि तिथली माणसे ते ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशा दोन शब्दांत सांगतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावरची बोली मराठवाड्याशी सोयरीक सांगते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात वऱ्हाडी आहे, आणि मलकापूरकडे जावे तसा लेवा बोलीचा आणि खानदेशचा सूर लागतो. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आणि निहाल वस्त्या आहेत, मेहकर-लोणारकडे बंजारा तांडे आहेत.

एवढ्या जिल्ह्याला स्वतःचे कार्यक्रम घडवणारे आकाशवाणी केंद्र लाभले नाही. बुलढाण्याचा श्रोता कायम दुसऱ्याच्या संध्याकाळीच्या काठावर बसलेला आहे. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हा बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढे परभणी, जळगाव, औरंगाबाद, अकोला अशी केंद्रे भोवती उभी राहिली. म्हणजे चहूबाजूंनी आवाज येत राहिले. मेहकरच्या माणसाने परभणी ऐकावे, मलकापूरच्या माणसाने जळगाव ऐकावे, शेगावच्या माणसाने अकोला ऐकावे. जिल्हा एक, आणि त्याची संध्याकाळ तीन ठिकाणी वाटलेली. घाटावरच्याने घाटाखालच्याचे गाणे ऐकावे अशी जागा मात्र कुठेच नाही.

यावर ‘मग काय बिघडले, ऐकू तर येत होते’ असे म्हणणाऱ्यांनी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण घ्यावे. सिंदखेड राजात जन्मलेला, मेहकरला वकिली करणारा हा कवी. १९३०च्या दशकात त्यांच्या ‘शीळ’ या कवितेची जी. एन. जोशी यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ सांगताना अभ्यासक तिच्यापाशी येतात. मेहकरच्या कवितेला मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपनीमार्गे महाराष्ट्र मिळाला. १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. हा अपवाद आनंदाचा आहे. पण हा मार्ग पाहा : प्रतिभा मेहकरची, यंत्र मुंबईचे. ज्याच्याजवळ असा योग आला नाही तो शाहीर, ती भुलाबाईची गाणी सांगणारी बाई, तो पोळ्याच्या तोरणाखाली झडती म्हणणारा गडी यांची नोंद कुणी घेतली? सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची भाषा मराठी वाचकांच्या हाती पडली. हाती पडली, कानी पडली नाही. ज्या भाषेतला हेल, ज्या वाक्याच्या शेवटचा झोका छापील अक्षरात उतरत नाही, तो पोहोचवण्याचे साधन देशाने उभारले होते. ते या जिल्ह्याच्या वाट्याला आले नाही.

निहाली भाषेची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत बोलली जाणारी ही भाषा जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळात निश्चितपणे बसत नाही. तिच्या भाषकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितली जाते. १९६२ साली कायपर या डच अभ्यासकाने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तिचे नाव जाणतात. बुलढाण्यातल्या किती पदवीधरांना आपल्याच जिल्ह्यात अशी भाषा आहे हे ठाऊक असेल? मुंबईच्या किंवा नागपूरच्या संध्याकाळीत निहालीचे गाणे येणार तर ते ‘दुर्मिळ आदिवासी भाषा’ अशा मथळ्याखाली, कुतूहलाची वस्तू म्हणून. जिल्ह्याच्या स्वतःच्या संध्याकाळीत ते कीर्तनानंतर आणि कापसाच्या भावाआधी, शेजारच्या माणसाचे गाणे म्हणून आले असते. विविधता म्हणतात ती याला. निरनिराळ्या गोष्टी निरनिराळ्या खणांत ठेवल्याने ती साधत नाही, त्या एकाच संध्याकाळीत एकमेकींना लागून आल्या तर साधते.

इथे प्रशासनाचे उत्तर तयार असते : आम्ही प्रक्षेपक वाढवत आहोत. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी १८ राज्यांत आणि दोन केंद्रशासित प्रदेशांत मिळून शंभर वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक एका दिवशी सुरू केले. दुसरीकडे मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण राबवले जात आहे. या दोन लहरींचा स्वभाव वेगळा. मध्यम लहर जमिनीला धरून दूर जाते आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन आणखी दूर पोहोचते. एफएमची लहर नजरेच्या रेषेत चालते. घाटाची भिंत मध्ये आली की अडते. शंभर वॉटचा प्रक्षेपक एखाद्या गावाला आणि आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरला पुरतो. म्हणजे जिल्हा पुन्हा तुकड्यांत. तरीही खरा प्रश्न वॉटचा नाही. प्रक्षेपक आणि केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रक्षेपक दुसऱ्याचा आवाज आणून पोहोचवतो. केंद्राला स्टुडिओ असतो, कार्यक्रम अधिकारी असतो, वादक असतात, आणि बाहेर वाट पाहणारा एखादा घाबरलेला नवा कवी असतो.

याचा पुरावा विदर्भातच आहे. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत संगीत, नाट्य, साहित्य, बातम्या असा तिचा मिश्र संसार होता. तिचा मध्यम लहरींचा एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक नागपूरला होता, कारण देशाच्या मध्यावरून रात्रीची लहर चारी दिशांना जाते. शक्ती विदर्भाची, आवाज दिल्लीचा. २४ डिसेंबर २०१८च्या आदेशाने ही वाहिनी आणि तिच्यासोबत आकाशवाणीच्या पाच प्रादेशिक प्रशिक्षण संस्था बंद करण्याचा निर्णय झाला. एक हजार किलोवॉट असूनही विदर्भाला स्वतःचा आवाज मिळाला नव्हता, आणि शंभर वॉटनेही तो मिळणार नाही. कार्यक्रम घडवण्याचा अधिकार कुठे आहे, हा प्रश्न दोन्ही वेळी अनुत्तरित राहिला. प्रशिक्षण संस्था बंद करणे हे तर उघडच बियाणे मोडून खाणे होते.

हे सगळे नव्याने सुचलेले विचार नाहीत. १९७८ साली बी. जी. वर्गीज यांच्या समितीने ‘आकाश भारती’ या नावाने अहवाल दिला आणि स्वायत्ततेबरोबर विकेंद्रीकरणाची मागणी केली. १९८४ साली तमिळनाडूत नागरकोइलला पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. छोट्या क्षेत्राचे, तिथल्याच माणसांच्या आवाजाचे केंद्र अशी ती कल्पना होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. १९९०चा प्रसार भारती कायदा १९९७ साली अमलात आला. म्हणजे अहवाल आहे, प्रयोग आहे, न्यायनिर्णय आहे, कायदा आहे. नंतरच्या काळात झाले ते उलटेच. जी स्थानिक केंद्रे उभी राहिली त्यांचे पुष्कळ तास विविध भारतीच्या आणि मोठ्या केंद्रांच्या सहक्षेपणाने भरण्यात आले, कायम पदे रिकामी राहिली, आणि उरलेला गाडा महिन्याला मोजक्या पाळ्या मिळणाऱ्या नैमित्तिक उद्घोषकांनी ओढला. सगळ्या केंद्रांवरून एकच आवाज ऐकू यायला लागला की श्रोता एक केंद्र दुसऱ्यापासून वेगळे ओळखू शकत नाही. मग तो ऐकणे सोडतो. मग श्रोते नाहीत म्हणून केंद्र आणखी आखडले जाते.

‘श्रोते उरले नाहीत’ हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते. रोग देणाऱ्यानेच रोग्याच्या अशक्तपणाची तक्रार करावी, तसे ते आहे. आज बहुतेकांच्या खिशात मोबाइल आहे, आणि त्यातली एफएमची सोय बंद ठेवू नये अशी सूचना २०२३ साली केंद्र सरकारलाच मोबाइल निर्मात्यांना करावी लागली. म्हणजे श्रोता हरवल्याची हाकाटी करणाऱ्यांच्या लक्षात एवढे तरी आले होते की त्याच्या हातून संच काढून घेतला गेला आहे. आणि श्रोता निष्क्रिय असतो हा समजही चुकीचा आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ-शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. पुढच्या प्रक्षेपणात त्यांना उत्तरे मिळत. पॉल न्यूरॅथ यांनी त्याचे रीतसर मूल्यमापन केले आणि मंडळे असलेल्या गावांत ज्ञानात भर पडल्याचे दाखवून दिले. आज ‘परस्परसंवादी माध्यम’ म्हणून ज्याचे कौतुक होते ते महाराष्ट्रातल्या खेड्यांनी सत्तर वर्षांपूर्वी एका संचाभोवती बसून करून दाखवले होते.

आणखी एक आक्षेप येईल : जिल्ह्याजिल्ह्याला केंद्र देणे परवडेल काय? ध्वनिमुद्रण आज जेवढे स्वस्त आणि सुटसुटीत आहे तेवढे ते आकाशवाणीच्या इतिहासात कधीच नव्हते. जे साधण्यासाठी एके काळी इमारत लागत असे ते आता एका शांत खोलीत आणि एका जाणत्या माणसात होते. खर्च यंत्रांचा उरलेला नाही. खर्च माणसांचा आहे, म्हणजे लेखकाचे, वादकाचे, नटाचे आणि कार्यक्रम घडवणाऱ्याचे मानधन. तोच खर्च अनावश्यक मानला जातो, हीच खरी तक्रार आहे.

मागणी म्हणून नेमकी आहे ती अशी. बुलढाणा जिल्ह्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ, सलग दोन तास, जिल्ह्यातच घडवलेली. ध्वनिमुद्रण आळीपाळीने घाटावर आणि घाटाखाली व्हावे. मेहकर, चिखली, खामगाव, जळगाव जामोद इथल्या महाविद्यालयांची सभागृहे त्यासाठी पुरेशी आहेत. त्या दोन तासांत एक तरी नवी श्रुतिका असावी, मानधन देऊन लिहून घेतलेली. एक शास्त्रीय बैठक, एक लोकगीतांचा भाग, एक भाषण आणि बाजारभावही असावेत; या क्रमात मुद्दाम सरमिसळ असावी. वऱ्हाडी, लेवा, बंजारा, कोरकू, निहाली यांना कार्यक्रमात ‘विशेष’ या विशेषणाविना जागा असावी. अकोला केंद्रावरून आणि आसपासच्या प्रक्षेपकांवरून ही संध्याकाळ एकाच वेळी जावी, आणि दुसऱ्या दिवशी ती अ‍ॅपवर ठेवली जावी. कोठाराला विरोध नाही. आधी पेरा व्हावा एवढेच म्हणणे आहे.

यातला एक भाग मात्र सरकारकडे मागण्याची गरज नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत हा जिल्हा येतो. इथल्या मराठी विभागांनी श्रुतिका आणि संगीतिका हे वाङ्मयप्रकार अभ्यासपत्रिकेत घ्यावेत. मर्ढेकरांच्या कवितेबरोबर त्यांच्या संगीतिका वर्गात मोठ्याने वाचल्या जाव्यात. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी आणखी एका कादंबरीतील ग्रामजीवन देण्याऐवजी, ज्यांनी नागपूर, परभणी, जळगाव, अकोला या केंद्रांसाठी संहिता लिहिल्या आणि आवाज दिले त्यांच्या घरी पाठवावे. त्या पिढीतली बरीच माणसे आता वृद्ध आहेत, आणि ट्रंकांतल्या संहितांना वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो. हे काम याच शैक्षणिक वर्षात सुरू करता येते आणि त्यासाठी दिल्लीचा कोणताही आदेश लागत नाही.